अर्ल मॅकफर्सन

अर्ल स्टील मॅकफर्सन (६ जुलै १८९१ – २६ जानेवारी १९६०) हे अमेरिकन मोटार अभियंते होते. स्प्रिंग, शॉकअप आणि चाक वळवण्याचा अक्ष यांना एकाच उभ्या दांड्यात सामावणारी ‘मॅकफर्सन स्ट्रट’ ही रचना त्यांच्या नावाने ओळखली जाते. जनरल मोटर्स कंपनीत एका स्वस्त, छोट्या मोटारीवर काम करीत असताना त्यांनी ही रचना विकसित केली. ती मोटार बाजारात आली नाही. रचना मात्र जगभरातील लहान मोटारींमध्ये रूढ झाली. भारतात मारुती ८०० पासून टाटा नॅनोपर्यंत अनेक गाड्यांची पुढची चाके याच रचनेवर उभी आहेत. मोटार खाली बसवण्यासाठी वापरले जाणारे ‘कॉइलओव्हर’ हे साधनही अशा गाड्यांमध्ये मॅकफर्सन स्ट्रटच्याच जागी बसते.

प्रारंभिक जीवन

मॅकफर्सन यांचा जन्म अमेरिकेच्या इलिनॉय राज्यातील हायलँड पार्क येथे झाला. त्यांनी इलिनॉय विद्यापीठात अभियांत्रिकीचे शिक्षण घेतले व १९१५ मध्ये पदवी संपादन केली. त्यानंतर ते डेट्रॉईट येथील चामर्स या मोटार कंपनीत दाखल झाले. पहिल्या महायुद्धात अमेरिकी सैन्यातर्फे ते युरोपात होते व तेथे त्यांनी विमानांच्या इंजिनांवर काम केले.

युद्धानंतर त्यांनी काही काळ लिबर्टी या कंपनीत आणि पुढे हपमोबिल मोटारी बनवणाऱ्या हप कंपनीत नोकरी केली. तो काळ अमेरिकेत लहान-मोठ्या मोटार कंपन्यांच्या भरभराटीचा आणि तितक्याच वेगाने होणाऱ्या अस्ताचा होता. चामर्स, लिबर्टी व हप यांपैकी एकही कंपनी पुढे टिकली नाही. १९३४ मध्ये मॅकफर्सन जनरल मोटर्समध्ये आले आणि तिच्या शेव्हरोले विभागातील प्रमुख अभियंत्यांमध्ये गणले जाऊ लागले.

शेव्हरोले कॅडेट

दुसरे महायुद्ध संपत आले, तेव्हा युद्धोत्तर काळात साध्या कुटुंबांना परवडणाऱ्या मोटारीची मागणी वाढेल, असा जनरल मोटर्सचा कयास होता. त्यासाठी १९४५ मध्ये हलक्या मोटारीचा प्रकल्प हाती घेण्यात आला आणि त्याच्या मुख्य अभियंतापदी मॅकफर्सन यांची नेमणूक झाली. नियोजित मोटारीचे नाव ‘कॅडेट’ असे होते. तिची किंमत १,००० डॉलरच्या आत, वजन सुमारे १,००० किलो आणि पुढच्या व मागच्या चाकांमधील अंतर सुमारे २७४ सेंटिमीटर असावे, अशी उद्दिष्टे ठरली.

स्वस्त मोटार बनवण्याचा प्रचलित मार्ग म्हणजे मोठ्या मोटारीतील भाग लहान व हलके करणे आणि चाकांना अखंड आस व पाटे लावून खर्च वाचवणे. मॅकफर्सन यांनी हा मार्ग पत्करला नाही. हलकी गाडी खड्ड्यात अधिक उसळते. मोटार लहान झाली की प्रवाशांचे व सामानाचे वजन तिच्या स्वतःच्या वजनाच्या मानाने जास्त ठरते. त्यामुळे लहान मोटारीच्या चाकांना वर-खाली होण्यासाठी भरपूर वाव हवा, हे त्यांनी गृहीत धरले. कॅडेटची चारही चाके एकमेकांपासून स्वतंत्र होती आणि प्रत्येकासाठी उभ्या स्ट्रटची योजना होती. काटकसर चाकाच्या हालचालीत न करता सुट्या भागांच्या संख्येत करावी, हे या रचनेचे मर्म होते.

कॅडेटचे नमुने तयार होऊन त्यांच्या चाचण्याही झाल्या. परंतु युद्धानंतर पोलादाचा तुटवडा होता, नेहमीच्या मोठ्या मोटारींनाच ग्राहकांची रांग लागली होती आणि ठरलेल्या किमतीत कॅडेट बनवणे अवघड दिसत होते. १९४७ मध्ये जनरल मोटर्सने हा प्रकल्प रद्द केला. त्याच वर्षी मॅकफर्सन यांनी कंपनी सोडली आणि ते फोर्ड मोटर कंपनीत रुजू झाले.

फोर्डमधील कार्य

स्ट्रटसंबंधीच्या पहिल्या पेटंटचा अर्ज मार्च १९४७ मध्ये, मॅकफर्सन जनरल मोटर्समध्ये असतानाच दाखल झाला होता. फोर्डमध्ये आल्यावर त्यांनी रचनेत सुधारणा केल्या व जानेवारी १९४९ मध्ये दुसरा अर्ज केला. दोन्ही पेटंटे १९५३ मध्ये मंजूर झाली. त्यामुळे एकाच अभियंत्याच्या एकाच कल्पनेची पेटंटे दोन प्रतिस्पर्धी कंपन्यांकडे गेली.

मॅकफर्सन स्ट्रट असलेली पहिली विक्रीची मोटार अमेरिकेत नव्हे, तर ब्रिटनमध्ये तयार झाली.  १९५० च्या लंडन मोटार प्रदर्शनात फोर्डच्या ब्रिटिश शाखेने ‘कॉन्सल’ व ‘झेफर’ या गाड्या सादर केल्या. दोन्हींच्या पुढच्या चाकांना मॅकफर्सन स्ट्रट होते आणि त्यांच्या यशामुळे ही रचना युरोपातील अभियंत्यांच्या नजरेत भरली. अमेरिकेतील फोर्डच्या मोठ्या मोटारींनी मात्र त्या काळात ती स्वीकारली नाही. तेथे मॅकफर्सन यांच्या कार्यकाळात पुढच्या चाकांसाठी बॉल जॉइंटचा वापर सुरू झाला. १९५२ ची लिंकन आणि १९५४ ची फोर्ड ही त्याची उदाहरणे आहेत.

१९५२ मध्ये मॅकफर्सन फोर्डच्या अभियांत्रिकी विभागाचे उपाध्यक्ष झाले. १९५८ मध्ये ते निवृत्त झाले आणि २६ जानेवारी १९६० रोजी, वयाच्या ६८ व्या वर्षी त्यांचे निधन झाले. त्यांची रचना सर्वत्र पसरली ती त्यानंतरच्या दशकांत. तो प्रसार पाहण्यास ते हयात नव्हते.

स्ट्रटची रचना

चाकाखाली खड्डा किंवा उंचवटा आला की स्प्रिंग दबते व धक्का पोटात घेते. मात्र दबलेली स्प्रिंग पुन्हा पुन्हा उसळत राहते. ही उसळी शमवण्याचे काम शॉकअप करतो. त्याच्या नळीत तेल असते व दट्ट्याला बारीक छिद्रे असतात. त्या छिद्रांतून तेल रेटताना उसळीची शक्ती उष्णतेत रूपांतरित होते.

पूर्वीच्या स्वतंत्र रचनेत प्रत्येक चाकासाठी वरचा व खालचा असे दोन त्रिकोणी बाहू, वेगळी स्प्रिंग आणि वेगळा शॉकअप लागत असे. मॅकफर्सन यांनी वरचा बाहू काढून टाकला. शॉकअपची नळी जाड व मजबूत करून तिचे खालचे टोक चाकाच्या आधाराशी पक्के जोडले, वरचे टोक रबरी बैठकीतून मोटारीच्या सांगाड्याला टेकवले आणि स्प्रिंग त्याच नळीभोवती बसवली. स्टिअरिंग फिरवले की हा स्ट्रट चाकासह वळतो. खालच्या बाजूस एक बाहू पुरतो, आणि गाडीचे कलणे रोखणारी आडवी सळईच त्या बाहूला पुढे-मागे सरकू देत नाही. अशा रीतीने एकेका भागाकडे दोन-दोन कामे सोपवलेली असतात.

या रचनेमुळे इंजिनाच्या दोन्ही बाजूंस जागा मोकळी होते व जोडणीचा खर्च घटतो. इंजिन आडवे बसवून पुढची चाके फिरवणाऱ्या छोट्या मोटारींना ही मोकळी जागा विशेष उपयोगी पडली. तिच्या मर्यादाही आहेत. चाकावरचा आडवा ताण शॉकअपच्या दांड्यावर येतो व त्याचे सील झिजते. स्ट्रट उंच असल्याने बॉनेट फार खाली आणता येत नाही. आणि वरची बैठक सैल झाली की रस्त्याचा आवाज थेट गाडीत येतो.

अशी कल्पना सर्वस्वी नवी नव्हती. इटलीतील फियाट कंपनीचे ग्विदो फोर्नाका यांनी १९२० च्या दशकात तिच्याशी साम्य असलेली रचना मांडली होती. मोठ्या प्रमाणावर व कमी खर्चात बनवता येईल असे रूप तिला देण्याचे श्रेय मात्र मॅकफर्सन यांना दिले जाते.

भारतातील प्रसार

भारतीय रस्त्यांवर दीर्घकाळ दिसणाऱ्या ॲम्बेसेडर व प्रीमियर पद्मिनी या गाड्यांमध्ये मॅकफर्सन स्ट्रट नव्हते. डिसेंबर १९८३ मध्ये आलेल्या मारुती ८०० ने ही रचना सामान्य भारतीय कुटुंबापर्यंत पोहोचवली. टाटा मोटर्सने १९९८ मध्ये सादर केलेल्या इंडिकाच्या पुढच्या चाकांनाही मॅकफर्सन स्ट्रट होते. २००९ मध्ये बाजारात आलेल्या नॅनोचे एक लाख रुपयांचे उद्दिष्ट आणि कॅडेटचे १,००० डॉलरचे उद्दिष्ट यांत साठ वर्षांहून अधिक अंतर असले, तरी नॅनोच्या पुढच्या चाकांसाठी निवडलेली रचना मॅकफर्सन यांचीच होती.

कॉइलओव्हर आणि खाली बसवलेली मोटार

कॉइलओव्हर म्हणजे शॉकअपभोवती स्प्रिंग असलेला संच होय. बाजारात या नावाने मिळणाऱ्या संचाच्या नळीवर आटे पाडलेले असतात व त्यांवरील कडी फिरवून गाडीची उंची कमी-जास्त करता येते. रोजच्या वापरातील मोटार दिसायला रुबाबदार व वळणावर स्थिर व्हावी म्हणून तरुण वाहनधारक ती खाली बसवून घेतात. स्वस्त व महाग संचांमधील फरक येथे मॅकफर्सन यांच्या मूळ विचाराच्या कसोटीवर नेमका कळतो.

साध्या संचात केवळ स्प्रिंगखालची कडी खाली घेऊन गाडी उतरवली जाते. त्यामुळे दांडा नळीत आधीच खोल गेलेला असतो व धक्का घेण्यासाठी उरलेले अंतर घटते. समजा चाकाला वर जाण्यास ८ सेंटिमीटर वाव होता व गाडी ४ सेंटिमीटर खाली घेतली, तर निम्माच वाव उरतो. तेवढ्यात तोच धक्का थोपवायचा तर स्प्रिंग बरीच ताठ हवी आणि ताठ स्प्रिंगची उसळी आवरणारा शॉकअपही तितकाच सक्षम हवा. स्वस्त संचात स्प्रिंग ताठ असते, शॉकअप मात्र अनेकदा तिच्या तोडीचा नसतो. मग गाडी एकाच वेळी कडक व उसळती होते. ज्या संचाच्या खालच्या बैठकीलाही आटे असतात, त्यात संपूर्ण स्ट्रटची लांबी कमी करता येते व शॉकअपची चाल शाबूत राहते. तरीही टायर चाकावरच्या पत्र्याला घासणार नाही आणि खालचा बाहू आडव्या रेषेपलीकडे उलटा चढणार नाही, इतपतच गाडी उतरवणे योग्य ठरते. बाहू उलटा चढला की गाडी वळणावर अधिक कलते व खड्ड्यात स्टिअरिंग आपोआप ओढले जाते. उंची बदलल्यावर चाकांचे अलाइनमेंट पुन्हा करून घेणे आवश्यक असते.

चंद्रपूर व गडचिरोली या वनजिल्ह्यांत ही निवड केवळ हौसेचा प्रश्न राहत नाही. चंद्रपूरच्या कोळसा खाणी व सिमेंट कारखाने आणि गडचिरोलीतील सुरजागडची लोहखनिजाची खाण यांमुळे तेथील रस्त्यांवर अवजड मालमोटारींची सतत वर्दळ असते. त्यांच्या चाकांनी रस्त्यावर खोल चाकोऱ्या पडतात आणि मधला उंचवटा खाली बसवलेल्या मोटारीच्या पोटाला लागतो. गावागावांतले गतिरोधक, डांबराच्या कडेला खचलेली साइडपट्टी आणि पावसाळ्यात पाण्याने झाकलेले खड्डे यांतही उरलेल्या वावाचीच परीक्षा होते. चंद्रपूर–मूल मार्गासारख्या जंगलातून जाणाऱ्या रस्त्यावर वन्यप्राणी अचानक आडवा येतो, तेव्हा करकचून ब्रेक लावताना गाडीचा पुढचा भाग आणखी दबतो. त्या क्षणी चाकाला वाव उरला नसेल तर टायरची रस्त्यावरील पकड सुटू शकते. चिखल व कोळशाची धूळ आट्यांत बसून कडी जाम होते, म्हणून आटे वेळोवेळी साफ करून त्यांना गंजरोधक लेप लावावा लागतो. ज्याचे शॉकअप दुरुस्त करता येतात व सुटे सील मिळतात, असा संच अशा भागात प्रथमदर्शनी महाग वाटला तरी अखेरीस स्वस्त पडतो.

मोटारीच्या मूळ रचनेत बदल करण्यावर भारतात कायद्याची बंधनेही आहेत. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार, नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील उत्पादकाने मूळ ठरवलेल्या तपशिलांपेक्षा वेगळे होतील, असा फेरफार वाहनात करता येत नाही.

मूल्यमापन

मॅकफर्सन यांचे नाव मोटार उद्योगाच्या इतिहासात एखाद्या गाजलेल्या गाडीपेक्षा एका सुट्या भागामुळे राहिले आहे. त्यांना सोपवलेली स्वस्त मोटार रद्द झाली, पण तिच्यासाठी केलेला विचार वाया गेला नाही. भागांची संख्या कमी करावी, पण चाकाला मिळणारा वाव कमी करू नये, हे त्यांच्या रचनेचे सूत्र होते. कमी किमतीच्या गाडीतील प्रवाशालाही खडबडीत रस्त्यावर सुरक्षित व सुसह्य प्रवास मिळू शकला, तो या सूत्रामुळे.