कमलताई राजूरला आल्या होत्या

माझ्या आत्याच्या पत्र्याच्या पेटीत तीनच गोष्टी जपून ठेवलेल्या असायच्या. लग्नातला शालू, जमिनीचा सातबारा आणि परळच्या टाटा हॉस्पिटलची फाईल. १९९३ साली तिच्या छातीत गाठ निघाली. निघाली कसली, वर्षभर आधीपासून होतीच की! पण सांगणार कुणाला? घरात दीर, घरात मोठा मुलगा. बाईमाणसाने असल्या जागेचं दुखणं कुठे बोलायचं असतं का? अकोले तालुक्यात राजूरच्याही पुढे डोंगरात तिचं गाव. आधी लेप झाले, मग देवऋषी झाला आणि शेवटी एसटीने घोटी, कसारा घाट उतरून मुंबई.

दादरला गाडगेबाबांच्या धर्मशाळेत आम्ही दोघी अडीच महिने राहिलो. तेवढ्यात गोठ्यातल्या दोन म्हशी गेल्या आणि एकरभर रान गहाण पडलं. हॉस्पिटलचं बिल फार नव्हतं, खोटं कशाला सांगू? पैसा गेला तो जाण्यायेण्यात, खाण्यापिण्यात, बाहेरून आणायच्या औषधांत आणि घरी बुडालेल्या मजुरीत.

नंबर येईपर्यंत बाकावर बसून आत्या विचारायची, एवढं मोठं घर बांधलं कुणी? मी म्हणायचे, टाटांनी. मला तेवढंच ठाऊक होतं. पुढे बऱ्याच वर्षांनी डॉ. कमल रणदिवे यांच्याविषयी वाचलं आणि मी थक्क झाले. आम्ही राजूरहून परळच्या खेपा घालत होतो, त्या काळात परळच्या कर्करोग संशोधन केंद्राचं संचालकपद सांभाळलेली ही बाई, सत्तरी ओलांडलेली, निवृत्तीनंतरच्या कामासाठी परळहून आमच्या अकोले तालुक्यात येत होती! म्हणून मैत्रिणींनो, आज तिची गोष्ट.

कमल समर्थ ८ नोव्हेंबर १९१७ ची, पुण्याची. शाळा हुजूरपागा. वडील फर्ग्युसन कॉलेजात जीवशास्त्र शिकवायचे. मुलांबरोबर मुलींनीही भरपूर शिकावं असं त्यांना वाटे, पण त्यांच्या मनातलं चित्र ठरलेलं होतं. मुलीने डॉक्टर व्हावं आणि डॉक्टरशीच लग्न करावं. मुलीने दोन्ही केलं नाही. फर्ग्युसनमध्ये तिने वनस्पतिशास्त्र आणि प्राणिशास्त्र घेतलं, मग पुण्याच्या शेतकी कॉलेजात गेली. तिथे एम.एस्सी.ला सीताफळाच्या कुळातल्या झाडांच्या पेशींचा अभ्यास केला. १९३९ साली लग्न केलं ते गणिताच्या माणसाशी, ज. त्र्यं. रणदिवे यांच्याशी. लग्नानंतर मुंबई. नवऱ्याने शिक्षणात अडथळा आणला नाही, एवढंच सांगून थांबणं बरोबर नाही. पुढच्या अभ्यासात त्यांनी तिला मनापासून मदत केली. १९४३ मध्ये एम.एस्सी. पूर्ण झालं, म्हणजे लग्नानंतर चार वर्षांनी.

मुंबईत त्यांना काम मिळालं ते टाटा हॉस्पिटलमध्ये. आता हे हॉस्पिटल कसं उभं राहिलं, ते सांगायलाच हवं, कारण त्याच्या मुळाशीही एक बाईच आहे.

सर दोराबजी टाटांची पत्नी मेहेरबाई. साडी नेसून टेनिस खेळणारी, बालविवाहाविरुद्ध बोलणारी. नवऱ्याने तिला सुमारे २४५ कॅरेटचा ज्युबिली हिरा घेतला होता. १९२४ मध्ये जमशेदपूरचा पोलाद कारखाना बुडायला आला, तेव्हा दोराबजींनी आपली खासगी मालमत्ता बँकेत गहाण टाकली, तिच्यात हा हिराही होता. आपल्याकडे पेरणीला पाटल्या गहाण पडतात, तसंच की हे! कारखाना वाचला, हिरा सुटला, पण १९३१ मध्ये मेहेरबाईच गेल्या. रक्ताचा कॅन्सर. एवढ्या श्रीमंत घरातल्या बाईला उपचारासाठी विलायतेला जावं लागलं आणि तिकडेही काही उपयोग झाला नाही. पुढच्याच वर्षी दोराबजी गेले. जाण्यापूर्वी त्यांनी जवळपास सगळी संपत्ती ट्रस्टच्या नावे करून ठेवली होती. हिराही पुढे विकला गेला. त्या ट्रस्टच्या पैशातून परळला कॅन्सरचं हॉस्पिटल झालं आणि २८ फेब्रुवारी १९४१ रोजी मुंबईचे गव्हर्नर सर रॉजर लम्ली यांनी त्याचं उद्घाटन केलं.

तेव्हा सरकारपुढे हिवताप, कॉलरा, क्षय अशी रांग होती. कॅन्सरसाठी तिजोरी उघडायला कुणाला फुरसत नव्हती. एका नवऱ्याच्या दुःखाला पैशाचं बळ होतं, म्हणून परळची ती इमारत झाली आणि तिथे गोरगरिबांना फुकट किंवा नाममात्र पैशांत उपचार मिळू लागले. गरिबाचं दुःख मात्र तेवढंच मोठं असूनही त्याची इमारत होत नाही, हे मला त्या बाकावर बसून फार जाणवलं होतं.

तर कमलताई. टाटामध्ये डॉ. वसंतराव खानोलकर हे पॅथॉलॉजीतलं मोठं नाव. त्यांच्या हाताखाली त्यांनी १९४९ मध्ये मुंबई विद्यापीठाची पीएच.डी. मिळवली. नंतर शिष्यवृत्तीवर अमेरिकेत, बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्समध्ये डॉ. जॉर्ज गाय यांच्याकडे गेल्या. तिथे त्या शरीराबाहेर, काचेच्या नळीत पेशी वाढवायला शिकल्या. आपण दुधाला विरजण लावतो ना, थोडं त्यातलंच. ऊब नेमकी हवी, भांडं निर्मळ हवं. लोणच्याच्या बरणीत ओला चमचा गेला की जशी बुरशी येते, तसं जरा कुठे चुकलं की सगळ्या पेशी फुकट.

डॉ. गाय यांच्या या प्रयोगशाळेची एक दुसरीही गोष्ट आहे आणि ती वगळून पुढे जाणं मला जमणार नाही. १९५१ साली हेन्रिएटा लॅक्स नावाची एक काळी बाई त्याच हॉस्पिटलमध्ये आली. वय ३०, पाच लेकरांची आई, तंबाखूच्या शेतात राबून मोठी झालेली. गर्भाशयाच्या मुखाचा कॅन्सर. काळ्यांचे वॉर्ड तेव्हा वेगळे होते. तिच्या गाठीचा तुकडा तिला न विचारता प्रयोगशाळेत गेला. ऑक्टोबर १९५१ मध्ये ती वारली, पण त्या पेशी मरेनात. वाढतच राहिल्या. डॉ. गाय यांनी त्या मागेल त्या संशोधकाला फुकट दिल्या. पोलिओच्या लशीची परीक्षा त्यांच्यावर झाली. कंपन्यांनी पुढे त्या विकून पैसा केला. घरच्यांना याचा पत्ता लागला तो थेट १९७३ च्या सुमाराला आणि एका मोठ्या कंपनीने त्यांच्याशी तडजोड केली ती २०२३ मध्ये. कॅन्सरवरचं कितीतरी ज्ञान अशा बायकांच्या अंगावरून चालत आलंय ज्यांना कुणी विचारलंसुद्धा नाही.

कमलताईंना पुढे तिकडे राहणं अवघड नव्हतं. पण त्या परत आल्या. तिकडे शिकायला गेलेल्या आपल्या मुलामुलींनीही परत यावं, असा त्यांचा आग्रह असे. मुंबईत १९५२ मध्ये इंडियन कॅन्सर रिसर्च सेंटर सुरू झालं होतं, खानोलकरांच्याच पुढाकाराने. तिथे कमलताईंनी पेशी वाढवण्याची प्रयोगशाळा उभी केली. आपल्या देशातली तशी ती पहिली समजतात. त्यांचं मुख्य काम उंदरांवरच्या स्तनाच्या कॅन्सरवर. आनुवंशिकता, शरीरातली संप्रेरकं आणि गाठ आणणारा विषाणू यांचा एकमेकांशी काय संबंध, हे त्या शोधत होत्या. कुष्ठरोगाच्या जंतूंवरही त्यांनी काम केलं, ते पुढे लशीपर्यंत गेलं. १९६४ मध्ये सुवर्णपदक आणि १५,००० रुपयांचा पुरस्कार मिळाला, १९८२ मध्ये पद्मभूषण.

या दरम्यान हॉस्पिटलचे मालक बदलत होते. १९५७ मध्ये ते केंद्राच्या आरोग्य खात्याकडे गेलं आणि १९६२ मध्ये, ऐका, अणुऊर्जा खात्याकडे! कॅन्सरचा आणि अणूचा काय संबंध? एक संबंध आहेच, किरणांच्या उपचाराचा. पण दुसरा जास्त खरा, असं माझं मत. नव्या भारतात विज्ञानासाठी पैसा आणि दिल्लीत शब्दाला वजन होतं ते डॉ. होमी भाभांच्या खात्याला. आणि गंमत बघा, मेहेरबाई टाटा या भाभांच्या सख्ख्या आत्या. आत्याच्या आठवणीत बांधलेलं घर भाच्याने पदरात घेतलं. मंत्रालयाच्या फायलींत ते अडकलं असतं तर आमची आत्या कुठल्या बाकावर बसली असती, कोण जाणे. १९६६ मध्ये हॉस्पिटल आणि संशोधन केंद्र एक होऊन टाटा मेमोरियल सेंटर झालं. त्याच वर्षापासून १९७० पर्यंत संशोधन केंद्राचं संचालकपद कमलताईंनी सांभाळलं, तेही प्रभारी म्हणून. चार वर्षं प्रभारी! काय म्हणावं?

तिकडे अमेरिकेत डिसेंबर १९७१ मध्ये अध्यक्ष निक्सन यांनी कॅन्सरविरुद्ध युद्धच पुकारलं. त्याच्या आधीपासूनच तिकडचा पुष्कळ पैसा कॅन्सरचा विषाणू शोधण्यात ओतला जात होता. उंदरांत आईच्या दुधातून पिलाकडे विषाणू जातो, मग माणसांत का नसेल? मुंबईच्या पारशी बायकांमध्ये स्तनाचा कॅन्सर जास्त दिसे, म्हणून पारशी आयांचं दूध मोठ्या सूक्ष्मदर्शकाखाली तपासलं गेलं. टाटामधले संशोधकही त्यात होते. उंदरांतली गोष्ट माणसांत काही ठाम ठरली नाही. पैसा ज्या बाजूला वाहतो त्या बाजूला प्रश्नही विचारले जातात. बायकांना वेळेवर तपासायचं कसं, हा साधा प्रश्न त्या मानाने मागे राहिला.

१९७३ मध्ये कमलताईंनी मैत्रिणींना बरोबर घेऊन भारतीय महिला वैज्ञानिकांची संघटना सुरू केली. वाशीला तिचं केंद्र आहे. तिथे काय आहे, ठाऊक आहे? नोकरी करणाऱ्या मुलींसाठी वसतिगृह आणि पाळणाघर. स्वतः मूल सांभाळून संशोधन केलेल्या बाईलाच हे सुचणार.

आणि मग राजूर. निवृत्तीनंतर त्या सत्यनिकेतन या संस्थेबरोबर अकोले तालुक्यात काम करू लागल्या. आदिवासी मुलांच्या पोषणाची माहिती गोळा केली. गावातल्या बायकांना आरोग्याच्या कामासाठी तयार केलं, खाण्यापिण्याबद्दल, दुखण्यांबद्दल समजावून सांगितलं. जन्मभर सूक्ष्मदर्शकात डोळा घातलेली बाई महादेव कोळ्यांच्या आणि ठाकरांच्या या मुलखात आली.

हा मुलूख कसा आहे, ते नगर जिल्ह्यातल्या, म्हणजे आताच्या अहिल्यानगरच्या, वाचकांना सांगायला नको. पावसाळ्यात भंडारदऱ्याला धो धो पाऊस, १९२६ पासूनचं धरण. ते पाणी प्रवरेने खाली जातं, खाली ऊस होतो, उसावर कारखाने झाले, कारखान्यांमागून कॉलेजं आणि मोठे दवाखाने आले. वरच्या वाड्यांत उन्हाळ्यात हंडे घेऊन फिरायचं आणि पोराचं वजन भरत नाही म्हणून नशिबाला बोल लावायचा. माझी आत्याही त्यातलीच एक.

कमलताई ११ एप्रिल २००१ रोजी गेल्या. २०२१ मध्ये त्यांच्या जन्मदिवशी गुगलने सूक्ष्मदर्शकाशी बसलेलं त्यांचं चित्र लावलं होतं. माझ्या लेकीने मोबाईल पुढे करून विचारलं, आई, या कोण? मी तिला परळचं सांगितलं, बाल्टिमोरचं सांगितलं, पण तिचे डोळे मोठे झाले ते राजूरचं नाव ऐकून.

आत्या ऑपरेशननंतर नऊ वर्षं जगली. गहाण रान सोडवायला सहा वर्षं लागली. गावातली कुठलीही बाई पदर सावरत दबक्या आवाजात बोलायला आली की आत्या तिला आत, पेटीपाशी घेऊन जायची, दार लोटून घ्यायची, फाईल काढायची आणि स्वतःचं ब्लाऊज सोडून व्रण दाखवायची. अशा चार जणींना तिने एसटीत बसवून दिलं. त्यातल्या दोघी आजही आहेत.