टाकळीचा तपस्वी आणि तेरा अक्षरे

चैत्र शुद्ध नवमीचा माध्यान्हकाळ. मंदिरामंदिरांतून पाळणा हलतो, सुंठवडा वाटला जातो, आणि रामजन्माचे कीर्तन ऐकून भाविक मंडळी कृतार्थ मनाने घरी परततात. याच तिथीला, याच मध्यान्ही, शके १५३० मध्ये, म्हणजे इ.स. १६०८ साली, गोदावरीच्या परिसरातील जांब या गावी सूर्याजीपंत ठोसर आणि राणूबाई या सत्त्वशील दांपत्याच्या पोटी नारायण नावाचा पुत्र जन्मास आला. पुढे अवघा महाराष्ट्र त्यास समर्थ रामदास म्हणून ओळखू लागला. रामजन्माच्या उत्सवात या दुसऱ्या जन्माचेही स्मरण व्हावे आणि ज्या मंत्राच्या आधारावर ते चरित्र उभे राहिले त्या मंत्राचा थोडा विचार घडावा, एवढ्याच हेतूने हा लेखनप्रपंच.

ठोसरांच्या घरी सूर्योपासना आणि रामोपासना पिढीजात होती. सूर्याजीपंत निवर्तले तेव्हा नारायण सात वर्षांचा होता. थोरले बंधू गंगाधरपंत वयाने थोडेच मोठे, परंतु अधिकाराने फार मोठे. त्यांनाच पुढे श्रेष्ठ म्हणू लागले. लोक त्यांच्याकडे मंत्र घेण्यास येत. धाकट्याने हट्ट धरला की मलाही मंत्र द्या. थोरल्याने सांगितले की तू अजून लहान आहेस, योग्य काळी पाहू. नारायण रुसला आणि गावाबाहेरच्या मारुतीच्या देवळात जाऊन बसला. तेथे मारुतिरायाच्या कृपेने त्यास साक्षात प्रभू रामचंद्रांचा अनुग्रह झाला आणि त्रयोदशाक्षरी मंत्र प्राप्त झाला, अशी संप्रदायाची श्रद्धा आहे.

श्रीराम जय राम जय जय राम, हा तो मंत्र. आपल्या घराघरांतून तो इतका रुळला आहे की त्याच्या अर्थाकडे लक्ष देण्याची गरजच कोणास वाटत नाही. व्याकरणदृष्ट्या पाहता येथील राम हे पद संबोधन आहे आणि जय हे जि धातूचे आज्ञार्थी रूप आहे. हे श्रीरामा, तुझा विजय असो, विजय असो, एवढाच त्याचा सरळ अर्थ. यात मला दे असे म्हटलेले नाही, माझे रक्षण कर असे म्हटलेले नाही. पितृछत्र हरपलेल्या एका बालकाच्या मुखी जो मंत्र आला त्यात त्याच्या स्वतःसाठी काहीच नव्हते. त्यात केवळ देवाचा जयजयकार होता. पुढील सारे चरित्र वाचताना हे ध्यानात ठेवावे.

दुसरी गोष्ट उच्चाराची. मंत्राला त्रयोदशाक्षरी म्हणायचे तर तेरा अक्षरे पूर्ण उच्चारली गेली पाहिजेत. आपल्या मराठी जिभेला शब्दाच्या अखेरचा अकार गिळण्याची सवय आहे. तसा जप केला तर राम आणि जय ही प्रत्येकी दोन अक्षरे एकेक होऊन बसतात, आणि तेरांची सातच उरतात. घाईने माळ ओढणाऱ्या माझ्यासारख्यांनी एकदा स्वतःचाच जप कान देऊन ऐकावा. नामाला नियम नाही हे खरे, परंतु मंत्र म्हणून संकल्प सोडला की अक्षरांचा हिशेब आला.

बाराव्या वर्षी नारायणाचे लग्न ठरले. मुलगा विवाहास तयार नव्हता. राणूबाईंनी त्याच्याकडून वचन घेतले की अंतरपाट धरीपर्यंत तू नाही म्हणणार नाहीस. आसनगाव येथे मांडव पडला, मामाचीच मुलगी वधू म्हणून उभी राहिली, अंतरपाट धरला गेला, मंगलाष्टके सुरू झाली. ब्राह्मणांनी सावधान म्हणताच नारायण खरोखरच सावध झाला आणि मांडवातून पळाला. आईला दिलेला शब्द त्याने अक्षरशः पाळला होता. सप्तपदी झाल्यावाचून विवाह पूर्ण होत नाही, म्हणून शास्त्रतः त्या मुलीस बाध आला नाही.

आम्ही कीर्तनकार हा प्रसंग रंगवून सांगतो आणि श्रोते खळखळून हसतात. मीही कित्येक वर्षे तो तसाच सांगत आलो. एके वर्षी कीर्तन संपल्यावर पुढच्याच ओळीत बसलेल्या एका वृद्ध माऊलीने मला विचारले की बुवा, त्या रात्री राणूबाई जेवली असेल का. मला उत्तर देता आले नाही. तेव्हापासून या आख्यानात मी थोडा थांबून पुढे जातो.

जांब सोडून नारायण पंचवटीस आला. काळ्या रामाच्या त्या पुण्यक्षेत्रापासून जवळच, गोदावरी आणि नंदिनी या नद्यांच्या संगमावर टाकळी हे गाव आहे. तेथील गुहेत त्याने वास्तव्य केले आणि शके १५४२ ते १५५४, म्हणजे इ.स. १६२० ते १६३२, अशी बारा वर्षे तप आचरिले. पहाटे उठावे, स्नानसंध्या करावी, सूर्योदयापासून माध्यान्हापर्यंत कमरेएवढ्या पाण्यात उभे राहून गायत्रीचे आणि त्रयोदशाक्षरीचे पुरश्चरण करावे, नंतर पंचवटीत माधुकरी मागावी, रामास नैवेद्य दाखवून एकवेळ भोजन करावे, दुपारी पुराणश्रवण आणि ग्रंथांचे अध्ययन करावे, असा तो नित्यक्रम. पाण्यात मासे पायांना टोचत, तरी त्याचे भान नसे, असे चरित्रकार सांगतात. वाल्मीकिरामायणाची समर्थांच्या हस्ताक्षरातील प्रत धुळ्याच्या श्रीसमर्थ वाग्देवता मंदिरात जतन केलेली आहे. संस्कृताचा हा व्यासंग टाकळीच्या दुपारींचेच फळ होय.

मंत्राची जितकी अक्षरे तितके कोटी जप, या मापाने तेरा अक्षरांचा तेरा कोटी जप तेथे पूर्ण झाला, असे परंपरा मानते. बोलताना तेरा कोटी हा शब्द सहज तोंडून जातो. एकदा पाटी घेऊन बसलो. बारा वर्षांचे दिवस सुमारे ४३८०. म्हणजे रोजचा जप साडेएकोणतीस हजारांच्याही वर, सुमारे २९,७००. एकशेआठ मण्यांच्या माळेने २७५ माळा. तेरा अक्षरे स्वच्छ उच्चारून एक माळ करावयास मला तीन मिनिटे लागतात. या गतीने २७५ माळांना पावणेचौदा तास हवेत. सूर्योदय ते माध्यान्ह यांत मिळतात अवघे सहा तास, आणि त्यांतही गायत्रीचा वाटा आहेच.

मग हा आकडा केवळ गौरवाचा समजावा काय? चिकित्सक मंडळी तसे म्हणतील, आणि त्यांच्याशी भांडण्याचे कारण नाही. पण शास्त्राने जपाचे वाचिक, उपांशु आणि मानस असे तीन प्रकार सांगितले असून मनुस्मृतीने त्यांत मानस जपास सर्वांत श्रेष्ठ ठरविले आहे. मानस जपाला ना ओठ हलवावे लागतात, ना आसन लागते. माझी समजूत अशी की नदीतून बाहेर आल्यावरही तो जप थांबत नसला पाहिजे. झोळी घेऊन दारोदार फिरताना, पुराण ऐकताना, रामायणाची पाने उतरवताना आत तेरा अक्षरे चालूच असतील, तरच हा हिशेब जुळतो. पुरश्चरणात जपाच्या दशांशाने हवन, त्याच्या दशांशाने तर्पण, मग मार्जन आणि ब्राह्मणभोजन असा क्रम आहे. माधुकरीवर जगणाऱ्या मुलाने हवनाला तूप कोठून आणावे? अशा असमर्थास शास्त्राने जपच अधिक करण्याची मुभा दिली आहे. ज्याला जग समर्थ म्हणू लागले त्याची साधना असमर्थासाठी सांगितलेल्या वाटेने झाली असावी, हे मला फार गोड वाटते.

याच तपाच्या अखेरच्या काळात, इ.स. १६३० च्या सुमारास, दक्षिणेत भयंकर दुष्काळ पडला. गावे ओस पडली, माणसे देशोधडीला लागली. माधुकरीच्या झोळीत त्या दिवसांत काय पडत होते याची कल्पनाच करावी. पुढे समर्थांच्या रचनांतून अस्मानी आणि सुलतानी आपत्तींची जी वर्णने आली, ती डोळ्यांनी पाहिलेल्याची आहेत. डोळे मिटून जप करणाऱ्याने डोळे उघडे ठेवले होते. टाकळीस मारुतीची स्थापना करून, बालशिष्य उद्धवास तेथे ठेवून, समर्थ तीर्थाटनास निघाले. पुढील बारा वर्षे भारतभ्रमणात गेली.

इकडे जांबेस राणूबाई चोवीस वर्षे वाट पाहात होत्या. पुत्रविरहाने रडून रडून त्यांची दृष्टी गेली. यात्रा आटोपून समर्थ पैठणास आले आणि तेथून आपल्या दारी. भिक्षेकऱ्याचा आवाज ऐकून आईने ओळखले की हा नारायण. समर्थांनी डोळ्यांवरून हात फिरविताच तिला पुन्हा दिसू लागले, असे चरित्रे सांगतात. भाविकांना यात चमत्कार दिसतो. माझ्या मते त्याआधीची गोष्ट मोठी आहे. चोवीस वर्षांनी पालटलेला आवाज एका अंध मातेने ओळखला. समर्थ काही काळ घरी राहिले, भागवतातील कपिलमुनींनी आपल्या मातेस केलेला उपदेश त्यांनी राणूबाईंस ऐकविला, आणि निरोप घेताना अंतकाळी जवळ असेन असा शब्द दिला. हाही शब्द त्यांनी पाळला. इ.स. १६५५ मध्ये मातोश्रींच्या अखेरच्या क्षणी ते जांबेस होते.

इ.स. १६४४ मध्ये समर्थ कृष्णातीरी आले. त्यानंतरचे कार्य सर्वश्रुत आहे, त्याचा विस्तार येथे करीत नाही. अंगापूरच्या डोहातून काढलेल्या राममूर्तीची चाफळ येथे स्थापना होऊन इ.स. १६४८ मध्ये तेथे रामनवमीचा उत्सव सुरू झाला. गावोगाव मारुती उभे राहिले, मठ उभे राहिले, आणि शिवथरच्या घळीत दासबोध लिहिला गेला. त्या ग्रंथाच्या चौथ्या दशकात नवविधा भक्तीचे निरूपण करताना नामस्मरणावर एक स्वतंत्र समास आला आहे. सुखात, दुःखात, चालता, बोलता, जेवता नाम सोडू नये आणि नामाचा अधिकार सर्व वर्णांना सारखाच आहे, असे तेथे त्यांनी निःसंदिग्ध सांगितले. लहान आहेस म्हणून ज्याला एकदा मंत्र नाकारला गेला होता, त्याने पुढे कोणालाही दारातून परत पाठविले नाही.

अखेरची वर्षे सज्जनगडावर गेली. तंजावरच्या अंध कारागिराने घडविलेल्या राम, लक्ष्मण, सीता आणि मारुती यांच्या मूर्ती समर्थांच्या निर्याणापूर्वी काही दिवस गडावर येऊन पोचल्या. समर्थांनी त्या शेजघरात समोर ठेवविल्या. अन्न वर्ज्य केले होते. शके १६०३, माघ वद्य नवमी, इ.स. १६८२. शिष्यांचा शोक आवरेना, तेव्हा त्यांनी सर्वांना शांत केले, मूर्तींकडे दृष्टी लावली आणि मोठ्याने रामनामाचा घोष केला. आज गडावर त्यांच्या समाधीच्या वर रामाचे मंदिर आहे. काकडआरतीच्या वेळी खाली समाधीपाशी उतरणाऱ्या भाविकांच्या मुखी तीच तेरा अक्षरे असतात.