एकाच माणसाचे दोन शोध

समजा, मेंदूतल्या एखाद्या रक्तवाहिनीची भिंत कमजोर झाली आणि तिथे छोटा फुगा आला. यालाच ब्रेन ॲन्युरिझम म्हणतात. तो फुटला तर जिवावरच बेततं. पण आज त्यासाठी दरवेळी कवटी उघडावी लागत नाही. जांघेतल्या किंवा मनगटातल्या धमनीतून बारीक नळी मेंदूपर्यंत नेतात आणि फुग्यात प्लॅटिनमच्या मऊ तारेची वेटोळी भरतात. आत रक्त साकळतं आणि फुगा बंद होतो. हे झालं कॉइलिंग. इटालियन डॉक्टर गुइडो गुग्लिएल्मी यांची कॉइल १९९० मध्ये लॉस एंजेलिसला पहिल्यांदा पेशंटवर वापरली गेली.

पण नळी नेमकी कुठे पोचलीय, हे डॉक्टरांना दिसतं कसं? याचं उत्तर हवं असेल तर तुम्हाला एगास मोनिझ यांना भेटावं लागेल.

मोनिझ यांचा जन्म १८७४ चा, पोर्तुगालमधल्या आवांका गावचा. कोइंब्रा विद्यापीठात ते डॉक्टर झाले आणि १९११ पासून लिस्बनमध्ये न्यूरॉलॉजी शिकवू लागले. त्यातच राजकारणही जोरात! खासदार, स्पेनमध्ये राजदूत, १९१८ मध्ये थेट परराष्ट्रमंत्री. पहिल्या महायुद्धानंतरच्या पॅरिस शांतता परिषदेतही त्यांनी पोर्तुगालचं नेतृत्व केलं. मग राजकारण सोडलं आणि वयाच्या पन्नाशीत ते खऱ्या अर्थाने संशोधनाकडे वळले.

तेव्हा एक्स-रेमध्ये कवटीची हाडं दिसायची, आतल्या रक्तवाहिन्या नाही. मोनिझ यांची आयडिया साधी होती. एक्स-रे अडवणारं द्रव मानेतल्या धमनीत सोडायचं आणि ते मेंदूत पोचताच फोटो काढायचा. आधी कुत्र्यांवर आणि मृतदेहांवर प्रयोग झाले, मग पेशंटवर. त्यात एक पेशंट दगावला. मोनिझ थांबले, द्रव बदललं, पुन्हा सुरुवात केली. गाउटमुळे त्यांच्या हाताची बोटं वाकडी झाली होती, त्यामुळे हातांचं काम तरुण सहकारी पेद्रो आल्मेदा लिमा करायचे. अखेर २८ जून १९२७ रोजी वीस वर्षांच्या एका तरुणाच्या मेंदूतल्या धमन्या फिल्मवर उमटल्या. गाठीमुळे त्या कुठे सरकल्यात, तेही दिसलं. ही पहिली यशस्वी सेरेब्रल अँजिओग्राफी. पुढे १९३३ मध्ये या पद्धतीने ॲन्युरिझमही दिसला. नोबेलसाठी नाव गेलं, पण मिळालं नाही.

आता गोष्टीचा दुसरा भाग. तो वाचायला त्रास होतो, तरी वाचा. १९३५ मध्ये लंडनच्या एका परिषदेत मोनिझ यांनी चिंपांझींवरच्या प्रयोगाबद्दल ऐकलं. मेंदूचा पुढचा भाग काढल्यावर एक चिंपांझी शांत झाली होती. तीनच महिन्यांत मोनिझ यांच्या टीमने मनोरुग्णांच्या कवटीला भोकं पाडून मेंदूच्या पुढच्या भागातले जोड तोडायला सुरुवात केली. वीस पेशंट झाले. सात बरे, सात सुधारले, सहा जैसे थे, असा निष्कर्ष १९३६ मध्ये छापूनही आला. त्यांना पुरेसा काळ तपासत राहण्याआधीच! अमेरिकेत ही शस्त्रक्रिया लोबोटॉमी म्हणून हजारो लोकांवर झाली. कित्येकांच्या भावना, उमेद, स्वतःहून काही करायची इच्छाच गेली. आणि १९४९ चं नोबेल मोनिझ यांना मिळालं ते याच कामासाठी. ते परत घ्या, अशी मागणी पेशंटच्या नातेवाइकांनी पुढे केली. नोबेल कायम राहिलं.

१९३९ मध्ये एका पेशंटने मोनिझ यांच्यावर गोळ्या झाडल्या होत्या. त्यातून ते वाचले, १९५५ मध्ये लिस्बनमध्ये गेले.

मग त्यांना हिरो म्हणायचं की व्हिलन? घाईने ठरवू नका, कारण माणूस एकच होता. फक्त एक प्रश्न विचारायची सवय लावून घ्या: पेशंट किती होते, आणि त्यांना किती दिवस तपासलं? कॉइलिंगलाही हाच प्रश्न विचारला गेला. २००२ मध्ये एका मोठ्या आंतरराष्ट्रीय चाचणीचे निकाल आले. फुटलेल्या ॲन्युरिझमचे २,१४३ पेशंट, काहींची कवटी उघडून शस्त्रक्रिया, काहींना कॉइल. वर्षभराने पाहिलं तर मृत्यू आलेले किंवा परावलंबी झालेले पेशंट कॉइलच्या गटात कमी होते.

ही कॉइल जागेवर बसवताना डॉक्टर आजही स्क्रीनवर बघतात ती अँजिओग्राफी. मोनिझ यांचं नोबेल न मिळालेलं काम.