तांबटाचा मुलगा : आंतोनी गौदी

द्वितीय वर्षाचा प्रवेशअर्ज भरताना ‘वडिलांचा व्यवसाय’ या रकान्याशी माझे पेन अडखळले. माझे वडील गवंडी आहेत. मी तिथे ‘बांधकाम’ असे लिहिले. शब्द खोटा नव्हता, पण तो का निवडला हे माझे मला ठाऊक होते. पुढे दिवाळीच्या सुट्टीआधी ग्रंथालयात बार्सिलोना शहरातील वास्तूंचे एक सचित्र पुस्तक हाती लागले. त्या पुस्तकात जो माणूस भेटला, त्याने मला त्या शब्दाची लाज वाटायला लावली.

आंतोनी गौदीचा जन्म २५ जून १८५२ रोजी स्पेनच्या कातालोनिया प्रांतात, रेउस गावच्या परिसरात झाला. घराणे तांबटाचे. वडील तांब्याचे पत्रे ठोकून मोठमोठी भांडी घडवीत. आंतोनीला लहानपणापासून संधिवात. बरोबरीची मुले हुंदडत असताना हा बसून झाडे, शिंपले, गोगलगायी न्याहाळत असे. सपाट पत्र्यावर ठोके पडता पडता त्यातून पोकळ गोलाई कशी उमलते, हे त्याने वडिलांच्या कारखान्यात पाहिले. पुढे थोर वास्तुशिल्पी झाल्यावरही आपली दृष्टी तिथेच घडली, असे तो मानी. आपले मूळ त्याने कधी लपवले नाही.

शिकायला तो बार्सिलोनाला आला. खर्च भागवण्यासाठी इतर वास्तुशिल्पींकडे आराखडे काढण्याची कामे केली. १८७६ साली आई आणि थोरला भाऊ दोघेही गेले. परीक्षांत तो फारसा चमकला नाही, काही विषयांत नापासही झाला. (हे वाचून मला किती धीर आला म्हणून सांगू!) १८७८ मध्ये मात्र तो पदवीधर झाला. त्याच सुमारास एउसेबी ग्वेल या धनिक उद्योगपतीशी त्याची ओळख झाली आणि ती आयुष्यभर टिकली. ग्वेलसाठी त्याने टेकडीवर एक वसाहत आखली. घरे दोनच उभी राहिली. धंदा म्हणून योजना फसली; पण फुटक्या फरशांच्या तुकड्यांनी मढवलेली तिथली नागमोडी बाके पाहायला आज सारे जग लोटते. १९०६ ते १९१२ या काळात उभ्या राहिलेल्या ‘कासा मिला’ या इमारतीची दर्शनी भिंत तर दगडाची असूनही समुद्राच्या लाटेसारखी हेलकावते.

१८८३ साली, वयाच्या एकतिसाव्या वर्षी, ‘साग्रादा फामिलिया’ या चर्चचे काम त्याच्याकडे आले आणि पुढची त्रेचाळीस वर्षे त्याने ते सोडले नाही. लोकवर्गणीवर चाललेले काम पैशाअभावी वारंवार रखडे. तेव्हा हा म्हातारा स्वतः लोकांकडे देणगी मागत फिरे. १९०९ मध्ये त्याने बांधकामाच्या आवारातच कामगारांच्या व आसपासच्या मुलांसाठी लाटांसारख्या छपराची एक छोटी शाळा बांधली. भव्य मनोऱ्यांच्या छायाचित्रांपेक्षा त्या शाळेच्या चित्रापाशी मी अधिक रेंगाळलो.

७ जून १९२६ रोजी नेहमीप्रमाणे प्रार्थनेला जाताना ट्रामने त्याला धडक दिली. अंगावर जुनेपाने कपडे, खिशात ओळखीचा कागद नाही. भिकारी समजून त्याला गरिबांच्या इस्पितळात नेले. तो कोण हे दुसऱ्या दिवशी कळले. १० जूनला त्याने प्राण सोडला. अंत्ययात्रेला मात्र सारे शहर रस्त्यावर आले आणि त्याच चर्चच्या तळघरात त्याचे दफन झाले. तेव्हा चर्चचा एकच घंटामनोरा पुरा झाला होता. १९३६ च्या यादवीत त्याचे आराखडे जळाले, प्रतिकृती फुटल्या. कारागिरांनी तुकडे जुळवून काम पुढे नेले. ३० ऑक्टोबर २०२५ रोजी ते जगातील सर्वांत उंच चर्च ठरले. मधल्या मनोऱ्याची उंची १७२.५ मीटर ठरलेली; शहरालगतच्या मोंजुइक टेकडीहून थोडी कमी. माणसाच्या कृतीने देवाच्या कृतीहून उंच होऊ नये, ही गौदीची धारणा.

पुस्तक मी सुट्टीत घरी नेले. त्यात एक विलक्षण छायाचित्र होते. ग्वेलच्याच एका कामगार वसाहतीतील चर्चसाठी गौदीने छताला दोऱ्या टांगल्या, त्यांना शिशाच्या छऱ्यांच्या पिशव्या बांधल्या आणि भाराने दोऱ्या जशा झुकल्या, तोच आकार उलटा करून कमानी ठरवल्या. मला ते चित्र कळतच नव्हते. वडील कामावरून आले, हातपाय धुऊन शेजारी बसले. चित्राकडे क्षणभर पाहून ते म्हणाले की हे उलटे छापले आहे, कारण दोरी कधी उभी राहत नाही. त्यांनी पुस्तक फिरवले, आणि खरोखरच, दोऱ्या खाली लोंबू लागल्या. मग त्यांनी पिशवीतून आपला ओळंबा काढला, दोरी दोन बोटांत धरून मध्ये तो लोंबवला आणि भार कुठे उतरतो ते मला दाखवले. माझे वडील चौथी शिकलेले आहेत.

तृतीय वर्षाचा अर्ज येत्या जूनमध्ये भरायचा आहे. त्या रकान्यात काय लिहायचे, ते आता ठरले आहे.