घड्याळे जुळवणारे इंजिनिअर

१८७६ सालची गोष्ट. आयर्लंडमधील बंडोरनच्या स्टेशनवर एक दाढीवाले गृहस्थ गाडीची वाट पाहत होते. वेळापत्रकात सायंकाळी ५.३५ अशी वेळ छापली होती. पण गाडी काही येईना. चौकशी केल्यावर छपाईतील चूक कळली. गाडी पहाटे ५.३५ लाच निघून गेली होती! त्यांना ती रात्र तिथेच काढावी लागली. गंमत अशी, की हे गृहस्थ स्वतः रेल्वेचे नामांकित इंजिनिअर होते. त्यांचे नाव सँडफर्ड फ्लेमिंग.

फ्लेमिंग यांचा जन्म ७ जानेवारी १८२७ रोजी स्कॉटलंडमध्ये झाला. वयाच्या अठराव्या वर्षी ते कॅनडात गेले. १८५१ साली त्यांनी कॅनडाचे पहिले टपाल तिकीट रेखाटले. पुढे त्या विशाल देशात त्यांनी रेल्वेचे मार्ग आखले.

त्या काळी सूर्य माथ्यावर आला की प्रत्येक शहर आपापल्या घड्याळात बारा वाजवी. टोरांटोत बारा वाजत, तेव्हा माँट्रियलमध्ये बारा वाजून सुमारे तेवीस मिनिटे झालेली असत. घोडागाडीच्या प्रवासात याचा त्रास होत नसे. आगगाडी आली आणि घोटाळा सुरू झाला. प्रवाशाने कोणते घड्याळ खरे मानायचे?

फ्लेमिंग यांनी उपाय सुचवला. पृथ्वी चोवीस तासांत ३६० अंश फिरते, म्हणजे तासाला १५ अंश. म्हणून जगाचे चोवीस पट्टे करावेत आणि एका पट्ट्यात एकच वेळ ठेवावी. शिवाय साऱ्या जगासाठी एक समान वेळ असावी. त्यांनी एक खास घड्याळही बनवून घेतले. त्यातील आकडे स्थानिक वेळ दाखवत आणि अक्षरे जगाची वेळ दाखवत. पट्ट्यांची कल्पना त्यांच्या एकट्याची नव्हती. अमेरिकेतील चार्ल्स डाउड या शिक्षकांनी तशी योजना आधीच मांडली होती. पण फ्लेमिंग यांनी ती जगभर नेण्यासाठी वर्षानुवर्षे खटपट केली.

१८ नोव्हेंबर १८८३ रोजी अमेरिका व कॅनडातील रेल्वेने प्रमाणवेळ स्वीकारली. १८८४ साली वॉशिंग्टनला पंचवीस देशांची परिषद भरली. तिने ग्रीनिचचे रेखावृत्त शून्य मानले. फ्लेमिंग तेथे हजर होते. पण त्यांच्या पट्ट्यांबाबत परिषदेने काहीच ठरवले नाही. मग एकेका देशाने सवडीने आपली वेळ ठरवली. भारतात १९०६ साली ग्रीनिचच्या साडेपाच तास पुढची प्रमाणवेळ आली. मुंबईने मात्र आपली जुनी वेळ सोडली नाही. ती ३९ मिनिटे मागे होती आणि १९५५ पर्यंत चालली!

२२ जुलै १९१५ रोजी फ्लेमिंग यांचे निधन झाले. त्यांचे ते दुहेरी घड्याळ फारसे कोणी वापरले नाही. पण आजचा संगणक बहुतेक वेळा तेच करतो. समजा, दुबईतील वडिलांनी दुपारी बारा वाजता फोन करायचे ठरवले. संगणक ती वेळ जगाच्या प्रमाणवेळेनुसार सकाळी आठ अशी नोंदवतो आणि मुंबईतील मुलाला दुपारचा दीड दाखवतो.