नेमाचें बळ : कै. अण्णासाहेब कर्वे

दिवाळीच्या पाडव्यास नव्या वहीच्या पहिल्या पानावर कुंकू वाहण्यास आमचे व्यापारी बंधु कधीं विसरत नाहींत. परंतु पेढीची पत त्या कुंकवावर नव्हे, तर रोजचा मेळ रोज बसविण्यावर अवलंबून असते, हें त्यांच्याइतकें दुसऱ्या कोणास ठाऊक आहे? जो न्याय वहीस, तोच मनुष्याच्या आयुष्यास. संकल्पाचा उत्साह आठ दिवस टिकतो. नेम मात्र जन्मभर फळ देतो. याचा दाखला म्हणून कै. धोंडो केशव कर्वे यांचें चरित्र आम्ही वाचकांपुढें ठेवितों.

अण्णासाहेबांचा जन्म 18 एप्रिल 1858 रोजीं कोंकणांत शेरवली येथें झाला. बालपण मुरुडास गेलें. घरची स्थिति बेताची होती. सतरा-अठरा वर्षांच्या वयांत एका परीक्षेसाठीं ते मुरुडाहून साताऱ्यास सुमारें 110 मैल पायीं गेले. तेथें अंगकाठी लहान दिसली म्हणून परीक्षकांनीं त्यांस परीक्षेस बसूंच दिलें नाहीं! दुसरा कोणी असता तर दैवास दोष देऊन स्वस्थ बसता. अण्णासाहेबांनीं पुन्हां अभ्यास आरंभिला, ती परीक्षा पुढें दिली, 1881 सालीं ते मॅट्रिक झाले आणि 1884 सालीं बी. ए. झाले. त्या दिवसांत पदवीधरास सरकारी नोकरीचा सुखाचा मार्ग मोकळा होता. तो त्यांनीं धरला नाहीं. मुंबईंत शिकवण्या करून ते निर्वाह चालवीत, आणि मिळकतींतून ठराविक हिस्सा लोककार्यासाठीं नेमानें बाजूस काढीत. 1891 सालीं ते फर्ग्युसन कॉलेजांत गणित शिकविण्यास पुण्यास आले.

त्याच वर्षीं त्यांच्या प्रथम पत्नी वारल्या. पुनर्विवाह करावयाचा तर कुमारिकेशीं करून समाजाची शाबासकी मिळविणें सोपें होतें. त्यांनीं 1893 सालीं गोदूबाई या विधवेशीं विवाह केला आणि मुरुडच्या ग्रामस्थांचा बहिष्कार पत्करला. 1896 सालीं पुण्यांत अनाथ बालिकाश्रमाची स्थापना झाली. 1900 सालीं आश्रम शहराबाहेर चार मैलांवर हिंगण्यास एका साध्या झोंपडींत गेला. कॉलेजचें काम आटोपलें कीं अण्णासाहेब पायीं हिंगण्याची वाट धरीत. पावसाळ्यांत ती वाट म्हणजे केवळ चिखल. पण चिखल झाला म्हणून शिकवणें बंद पडलें नाहीं.

स्वभावानें ते अत्यंत भिडस्त होते. वक्तृत्व त्यांस साधलें नव्हतें. तरी वर्गणीची झोळी घेऊन दारोदार जाण्याचें काम त्यांनींच पत्करलें. जें जड जातें, तेंच रोज करावयाचें, हा जणूं त्यांचा परिपाठ होता. त्याची झळ घरासही लागली. संसाराची ओढाताण त्यांच्या पत्नींनीं सोसली, हें येथें नमूद न करणें अन्यायाचें होईल.

1916 सालीं, वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षीं, त्यांनीं मूठभर विद्यार्थिनींवर महिला विद्यापीठ उभारलें. ज्या वयांत आमचा मध्यम वर्ग पेन्शनीचे हिशेब मांडतो, त्या वयांत हा आरंभ! पुढें 1920 सालीं सर विठ्ठलदास ठाकरसी या व्यापाऱ्यानें त्यास 15 लक्ष रुपयांची देणगी जाहीर केली. चोख हिशेबाच्या व नित्य श्रमाच्या मनुष्यावर व्यापारी विश्वास टाकतो, तो असा. 1936 सालीं, म्हणजे अठ्ठ्याहत्तराव्या वर्षीं, खेड्यांतील प्राथमिक शिक्षणासाठीं त्यांनीं नवें मंडळ काढलें. 1958 सालीं राष्ट्रानें त्यांस भारतरत्न ही पदवी दिली. 9 नोव्हेंबर 1962 रोजीं ते वारले.

कोणी म्हणेल, अशीं माणसें जन्मास यावीं लागतात. आम्हांस हें मान्य नाहीं. त्यांच्या चरित्रांत दैवी चमत्कार एकही नाहीं. चार मैलांची वाट आहे, दाराशीं उभें राहून ऐकलेला नकार आहे, आणि दुसऱ्या दिवशीं पुन्हां तेंच दार आहे. एवढें भांडवल प्रत्येकापाशीं आहे. स्वराज्य मिळालें म्हणून राष्ट्र घडलें असें होत नाहीं. तें घडतें नागरिकांच्या नित्य वर्तनानें. तेव्हां वाचकांनीं एकच करावें : आपणांस जड जाणारें, पण लोकांच्या उपयोगी पडणारें एक काम निवडावें, दिवसाची एक वेळ त्यास नेमून द्यावी, आणि ती वेळ सणावारींही चुकवूं नये. वर्षअखेरीस खात्यावर काय जमा झालें, तें मग ज्याचें त्यासच दिसेल.