झाकलेलं भांडं आणि रशियाचा पाहुणा

गटारीच्या दिवशी आमच्या घरी कलेजी होते. दिव्यांची अवस म्हणायचं ते कॅलेंडरात, जुन्नरात सगळे गटारीच म्हणतात. उद्यापासून श्रावण, म्हणून आज काय ते खाऊन घ्या, असा सगळा मामला. यंदा धाकट्याने हट्ट धरला. पुण्याला कुठल्याशा हॉटेलात त्याने मांसाचे छोटे तुकडे खाल्ले होते, तव्यावर झटपट भाजलेले आणि वरून लसूण-कोथिंबिरीचं लोणी. किंमत ऐकून सासूबाईंनी कपाळाला हात लावला. म्हटलं, त्यात काय एवढं, लोणी घरचं आहे, लसूण दारची आहे.

मैत्रिणींनो, करायला खरंच सोपं आहे. फक्त घाई योग्य ठिकाणी करायची. अर्धा किलो कलेजी धुऊन, स्वच्छ फडक्याने अगदी कोरडी टिपून घ्यायची. ओली राहिली की तव्यावर पाणी सुटतं, मग ती भाजत नाही, शिजत बसते. घासाएवढे तुकडे करायचे. मीठ-मिरपूड तव्यावर टाकताना लावायची, आधी लावली की मीठ पाणी ओढतं. बिडाचा तवा धूर येईपर्यंत तापवायचा, चमचाभर तेल, आणि तुकडे सुटे सुटे ठेवायचे. गर्दी नको. दोन मिनिटं हात लावायचा नाही, मग उलटायचे, पुन्हा दोन मिनिटं. एक तुकडा मोडून बघायचा, आत लाल दिसला तर आणखी थोडं. मग गॅस बारीक करून दोन चमचे लोणी, आठ-दहा ठेचलेल्या पाकळ्या, मूठभर चिरलेली कोथिंबीर आणि चार पानं पुदिना. लोणी आणि लसूण आधी घातले तर दोन्ही करपतात, लसूण तर कडूच होते. मिनिटभर परतून वर लिंबू. जास्त वेळ ठेवलीत तर कलेजीचं रबर होतं, मग मला बोल लावू नका.

तर हे सगळं तव्यावर फुलत असताना शेजारच्या काकू ताक मागायला आल्या. त्या माळकरी. सासूबाईंनी काही न बोलता तव्यावर मोठं झाकण ठेवलं, वर फडकं टाकलं. काकूंनीही काही न पाहिल्यासारखं केलं, ताक घेतलं आणि गेल्या. दोघींची पन्नास वर्षांची मैत्री अशीच टिकली आहे.

आणि मला अफनासी निकितिन आठवला.

नाव ऐकल्यासारखं वाटेल. १९५७ साली ‘परदेसी’ नावाचा सिनेमा आला होता. भारत आणि सोव्हिएत रशियाने मिळून काढलेला, ख्वाजा अहमद अब्बास यांचा, नर्गिस होती त्यात. त्यातला परदेशी म्हणजे हाच माणूस. सिनेमातली प्रेमकहाणी पदरची आहे. खऱ्या निकितिनच्या वहीत प्रेमकहाणी नाही, पण आपलं जुन्नर आहे, आणि जुन्नरचा पाऊस आहे.

निकितिन रशियातल्या त्वेर गावचा व्यापारी. व्होल्गा नदीच्या काठचं गाव. १४६६ ते १४६८च्या दरम्यान कधीतरी तो माल घेऊन नावेने निघाला, म्हणजे शिवरायांच्या जन्माच्या दीडशेहून अधिक वर्षं आधी. वास्को द गामा कालिकतला उतरला १४९८ साली, त्याच्याही आधी हा आपल्याकडे येऊन गेलेला. भारतात यायचं असं त्याने ठरवलेलं नव्हतं. आस्त्राखानजवळ नाव लुटली गेली. माल गेला, आणि सोबतची धर्माची पुस्तकंही गेली. काही सोबती मागे फिरले. ज्यांच्या डोक्यावर गावी देणं होतं ते कसे फिरणार? ते वाट फुटेल तिकडे गेले. निकितिन दर्बंद, बाकू करत इराणात उतरला, गावोगाव थांबत होर्मुझ बंदरापर्यंत पोचला. तिथे त्याला कळलं की हिंदुस्थानात घोडे पैदा होत नाहीत, बाहेरून आलेल्या घोड्याला सोन्याचा भाव मिळतो. त्याने एक घोडा घेतला आणि जहाजात चढला. त्या एका घोड्यापायी त्याचे शंभर रूबल गेले.

तो उतरला चौलला. आज रेवदंड्याला त्याच्या आठवणीचा स्तंभ उभा आहे. अलिबागला सहलीला गेलात तर वाट थोडी वाकडी करून बघा. गोरा माणूस लोकांनी पाहिलेला नसावा, कारण जाईल तिथे माणसं त्याच्या मागे चालायची. चौलहून तो घोड्यासह निघाला. पालीपर्यंत आठ दिवस, पुढे उमरी नावाच्या गावापर्यंत दहा, आणि तिथून सहा दिवसांनी जुन्नर. आपण एस.टी.ने तासांत मोजतो ते अंतर त्याने चोवीस दिवसांत काटलं.

जुन्नर तेव्हा बहामनी राज्यात होतं. बिदरच्या दरबाराचा मोठा वजीर महमूद गवान, त्याच्या हाताखालचा असदखान इथे कारभार बघायचा. निकितिनने गावाचं वर्णन केलं आहे ते खडकाच्या बेटावरचं शहर असं. माणसाने नव्हे, देवानेच घडवलेलं, वर जायची वाट इतकी अरुंद की दोघांना शेजारून जाता येऊ नये. वाचताना शिवनेरीच डोळ्यांपुढे येतो.

आणि मग पाऊस. तो इथे दोन महिने राहिला, पण लिहून ठेवलं ते चार महिन्यांच्या पावसाचं. रात्रंदिवस पाणी आणि चिखल, आणि त्या चिखलातच लोक नांगरतात, पेरतात. आमच्या पश्चिम पट्ट्यातली किंवा आंबेगावात डिंभ्याच्या वर भीमाशंकरच्या अंगाला राहणारी कुणीही बाई हे वाचून हसेल. त्यात नवल ते काय! पण बर्फाच्या देशातून आलेल्याला हा पाऊस म्हणजेच हिवाळा वाटला. त्याने तसंच लिहिलं आहे, की मी जुन्नरात हिवाळा काढला.

पाहुण्यांसाठी इथे सराया होत्या. तिथे स्वयंपाक रांधून द्यायचा तो सराई चालवणाऱ्या बायकांनी. त्या कोण, कुठल्या, त्याने नावं लिहिली नाहीत. माणसांची नावं वहीत येतात ती खानांची आणि वजिरांची. मला मात्र त्या बायकांचं कुतूहल वाटतं. त्यांच्या चुलीवर मिरची नव्हती, बटाटा नव्हता, टोमॅटो नव्हता. हे तिन्ही अमेरिकेचे, पोर्तुगीज आल्यानंतर आपल्याकडे रुळले. आज आंबेगावच्या सातगाव पठाराचा बटाटा आणि नारायणगावच्या बाजारातला टोमॅटो बघून कुणाला खरं वाटेल? लसूण, मिरी, आलं, तीळ, तूप एवढ्यावर त्यांचं निभायचं. म्हणजे आमच्या तव्यावरची लसूण-लोण्याची जोडी त्यांना नवी वाटली नसती. नवल वाटलं असतं ते लिंबाशेजारी ठेवलेल्या हिरव्या मिरचीचं.

घोड्याचा थाट मात्र वेगळा होता. इथे घोड्यांना चणे-वाटाणे घालत, आणि खिचडी शिजवून देत, साखर आणि ‘मास्लो’ घालून. रशियन भाषेत लोणी, तूप, तेल सगळ्यांना मास्लो हा एकच शब्द आहे, तेव्हा नेमकं काय घालत ते आपणच ठरवायचं. शंभर रूबलच्या घोड्याला तेलाची खिचडी कोण घालील? माझं मत तुपाला.

आता मालकाचं बघा. निकितिन ख्रिस्ती, रशियन पंथाचा. त्यांच्यात ऑगस्टमध्ये देवमातेच्या सणाआधी दोन आठवड्यांचा उपवास असतो. मांस नाही, अंडं नाही, दूध नाही, लोणी नाही. आपले श्रावण-भाद्रपदाचे दिवस तेच. म्हणजे जुन्नरच्या घराघरात बायका सोमवार-शनिवार धरत असतील, आणि सराईत हा परका माणूस आपला वेगळाच उपवास धरून बसलेला. बाहेर घोडा खिचडी खातोय.

त्या उपवासातच ते संकट आलं. निकितिन इथे ख्वाजा युसूफ खुरासानी या नावाने वावरत होता. एकट्या परदेशी व्यापाऱ्याला तेच सोयीचं होतं. हा मुसलमान नाही, रशियन आहे, असं असदखानाला कळलं आणि त्याने घोडा काढून घेतला. धर्म बदललास तर घोडाही परत आणि वर हजार सुवर्णनाणी. नाही बदललास तर घोडा गेला, शिवाय हजार नाणी तुझ्याकडूनच वसूल. मुदत चार दिवस.

तो घोडा म्हणजे त्याचं सगळं भांडवल होतं. माल आधीच लुटला गेलेला, परतीचा रस्ता त्या घोड्याच्या किमतीवर अवलंबून. पुस्तकं नाहीत, आपल्या भाषेत दोन शब्द बोलायला माणूस नाही, बाहेर धो धो पाऊस. हे चार दिवस त्याने कसे काढले असतील? त्याने फार पसारा केला नाही, देवाचा धावा केला एवढंच लिहिलं. मुदत संपायच्या आदल्या दिवशी गावात ख्वाजा मुहम्मद नावाचा खुरासानी खजिनदार आला. निकितिनने त्याच्यापुढे हात जोडले. तो स्वतः मुसलमान, पण असदखानाकडे गेला, रदबदली केली, धर्म बदलण्याची अट सोडवली आणि घोडाही आणून दिला. निकितिनने याला देवाची करणी म्हटलं. मला त्या खजिनदाराचंही कौतुक वाटतं. मध्ये पडून, शब्द टाकून तो आपल्या कामाला निघून गेला.

उपवास सुटायच्या सणालाच निकितिन जुन्नरहून बिदरला निघाला. तिथे नाताळच्या सुमाराला घोडा एकदाचा विकला.

झाकलेल्या भांड्याची गोष्ट बिदरची. तिथे त्याच्या बऱ्याच हिंदू ओळखी झाल्या. आपण मुसलमान नसून ख्रिस्ती आहोत हे त्याने त्यांना सांगून टाकलं. जे खानापासून लपवलं ते यांच्यापुढे आपणहून उघड केलं. मग त्या लोकांनीही त्याच्यापासून काही लपवलं नाही, ना जेवण, ना पूजा, ना घरातल्या बायका. म्हणून तर त्याला इतकं बारीक लिहिता आलं. हे लोक दिवसातून दोनदा जेवतात. उजव्या हाताने जेवतात, डावा लावत नाहीत. सुरी नाही, चमचा नाही. भात, खिचडी, आणि तऱ्हेतऱ्हेचा पाला मास्लो आणि दूध घालून शिजवलेला. बरेच जण मांसाला शिवत नाहीत, काही जण बकरं, कोंबडी, मासे, अंडी खातात, पण गाय-बैल कुणीच खात नाही. गाईला आई मानतात, बैलाला बाप, आणि शेणाच्या गोवऱ्यांवर रांधतात. प्रवासात प्रत्येकाचं भांडं वेगळं. परक्याची नजर भांड्यात पडली तर ते अन्न खात नाहीत, म्हणून काही जण जेवताना वरून फडकं घेतात.

त्यातला विटाळ आता गेला, बराचसा तरी. फडकं मात्र आमच्या ओट्यापर्यंत आलं आहे.

निकितिनचे पुढचे दिवस कठीण गेले. पुस्तकं नसल्यामुळे ईस्टर कधी, उपवास कधी, काहीच कळेना. चंद्र-तारे बघून तो अंदाज बांधायचा. एका वर्षी मुसलमानांचा रोजांचा महिना लागला तेव्हा त्यानेही त्यांच्याबरोबर महिनाभर उपवास धरला. मांस नाही, लोणी नाही, दिवसातून दोनदा नुसती भाकर आणि पाणी. प्रार्थना करताना आपल्या भाषेत तुर्की, फारसी, अरबी शब्द मिसळू लागले. त्याने मनातून धर्म बदलला होता की काय यावर अभ्यासक अजून वाद घालतात. मला विचाराल तर, जिथे आपलं पंचांगच हरवलं तिथे माणूस शेजारच्याचं पंचांग बघणारच.

व्यापारातही हाती फार काही लागलं नाही. हिंदुस्थानात माल उदंड, असं त्याला सांगितलं गेलं होतं. आपल्या देशात खपेल असं त्याला काही सापडेना, आणि जकातीही भारी. शेवटी तो दाभोळहून जहाजाने निघाला. होर्मुझ, तब्रीझ, त्रेबिझोंद, मग काळा समुद्र ओलांडून काफा. घर आता टप्प्यात होतं. पण स्मोलेन्स्कला पोचण्याआधीच वाटेत तो वारला. १४७५च्या सुमारास वह्या तेवढ्या मॉस्कोला पोचल्या, राजाच्या कारकुनाच्या हाती. पुढे साडेतीनशे वर्षं त्यांच्याकडे कुणाचं फारसं लक्ष गेलं नाही. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला करमझिन या इतिहासकाराला एका मठाच्या संग्रहात त्यांची नक्कल सापडली. त्वेरला व्होल्गाच्या काठी आता त्याचा पुतळा आहे, १९५५ साली बसवलेला.

परवा पहिला श्रावणी सोमवार झाला. संध्याकाळी उपास सोडायला मुगाची खिचडी टाकली होती, वर तुपाची धार. धाकटा ताटाकडे बघून कुरकुरला, गटारीची चव अजून जिभेवर. मी त्याला सांगितलं, पाचशे वर्षांपूर्वीच्या रशियन वहीत हा शब्द आहे, जवळपास आपण म्हणतो तसाच, किचिरी. घोड्याचं मात्र नाही सांगितलं.